आहे त्याच भिंतींत नवं घर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पेठ वडगावला सोमवारी बाजार भरतो. आसपासच्या खेड्यांतून माणसं येतात. कुणी जनावर विकायला, कुणी आठवड्याचा किराणा आणि भाजी न्यायला. बाजाराला निघालेल्या बाईची यादी बहुधा कागदावर नसते, पण तिचा क्रम पक्का असतो. आधी मीठ, तेल, डाळ, चहा-साखर. मग भाजी. मग पोराची वही, म्हाताऱ्यांचं औषध. यातून उरलं तर खाऊ आणि बांगड्या. कनवटीला दोनशे असोत की दोन हजार, क्रम हलत नाही.

घराला हात लावायची वेळ आली की मात्र हाच क्रम उलटा होतो. पाहुणे येणार म्हणून आधी सोप्याला रंग लागतो, मग पीओपीचं छत, मग चकचकीत फरशी. पैसे संपतात. आणि मिरगाचा पहिला पाऊस त्या नव्या छतावर तपकिरी डाग उमटवून जातो, कारण वरची कौलं परतायची राहून गेलेली असतात.

मोजक्या पैशांत घर नव्यानं मांडायचं असेल तर बाजाराच्या यादीसारखाच एक क्रम पाळावा लागतो: पाणी, भार, उजेड आणि वारा, माणसांची गरज, आणि सर्वांत शेवटी रूप. या क्रमाचं कारण साधं आहे. पुढचं काम मागच्या कामावर उभं असतं. ओल्या भिंतीवर रंग टिकत नाही आणि खचलेल्या भिंतीवर खिडकी टिकत नाही.

पेठेतलं घर

वडगाव जुनं आहे. सेनापती धनाजी जाधवांचा १७०८ साली इथं मृत्यू झाला; त्यांची समाधी इथं आहे. बाजाराचं गाव म्हणून इथली जुनी वस्ती दाटीची. घरं भिंतीला भिंत लावून उभी, रस्त्याकडची रुंदी बेताची आणि खोली भरपूर. पुढं सोपा, मध्ये माजघर, मागं स्वयंपाकघर, त्यामागं परडं. जुन्या भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा मातीत रचलेल्या दगडाच्या, वर सागाच्या तुळया आणि मंगळुरी कौलं. ही कौलं बनवण्याचा पहिला मोठा कारखाना बाझल मिशननं १८६५ साली मंगळूरला काढला, आणि पुढं ती पश्चिम महाराष्ट्रातल्या गावागावांत पोचली. नंतरच्या पिढ्यांनी कुठं पत्रा घातला, कुठं मागच्या खोलीवर स्लॅब टाकला.

उदाहरणासाठी असंच एक घर मनात धरू. रुंदी १४ फूट. सोपा १० फूट खोल, माजघर १४, स्वयंपाकघर १२, आणि मागं १२ फुटांचं परडं. तोंड उत्तरेला. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरं. न्हाणी आणि संडास परड्याच्या टोकाला. घरात आजी, नवरा-बायको आणि दोन पोरं. माजघरात दुपारीही दिवा लावावा लागतो, पावसाळ्यात दोन ठिकाणी भांडी मांडावी लागतात, आणि आजीला रात्री उठून पावसातून परड्यात जावं लागतं. पाडून बांधण्याएवढे पैसे नाहीत. आहे त्यातच घर नीट करायचं आहे.

पहिलं काम फुकटचं आहे: घर वाचायचं. एक वही घ्यायची, टेपनं प्रत्येक खोलीची मापं काढायची, दारं-खिडक्या कुठं आहेत ते मांडायचं. सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच वाजता ऊन कुठवर येतं ते फरशीवर खडूनं आखायचं. भर पावसात एकदा माळ्यावर चढून पाणी नेमकं कुठून येतं ते बघायचं. पाणी वरून येतं की जमिनीतून चढतं, हे पावसाळ्यातच कळतं. दिवाळीनंतर काम काढणाऱ्यानं वही श्रावणातच भरून ठेवावी.

आधी पाणी

आपल्या घरावर साधारण ५०० चौरस फुटांचं छत आहे. उतार धरला तर त्याला आठशेच्या आसपास कौलं लागतात. गळती असली तरी सगळीच कौलं गेलेली नसतात. काही फुटलेली असतात, काही माकडा-मांजरांनी सरकवलेली, आणि पुष्कळदा खरा दोष कौलांखालच्या रिपांत असतो. रीप वाकली की वरची ओळ खचते आणि दोन कौलांच्या खाचांतून पाणी आत उलटतं. म्हणून आधी सगळी कौलं उतरवून घ्यायची, वाजवून पारखायची (चांगलं कौल खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं), कुजलेल्या रिपा बदलायच्या आणि चांगली कौलं परत चढवायची. पूर्वी दर वर्षी पावसाळ्याआधी शाकारणी व्हायची. ती थांबली आणि चांगली छतं बदनाम झाली.

दुसरं पाणी खालून येतं. जमिनीतली ओल माती, वीट आणि दगडाच्या सांध्यांमधल्या बारीक छिद्रांतून वर चढते, जसं कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तशी. भिंतीच्या पृष्ठभागावर येऊन पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार मागं राहतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. पोपडे सुटले की गवंड्याला बोलावून त्यावर सिमेंटचा गिलावा मारून घेतला जातो. दोन वर्षं भिंत छान दिसते. पण मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला सिमेंटचं कातडं बसलं की आतली ओल बाहेर पडू शकत नाही. ती आणखी वर चढते, आणि जो लोणा गुडघ्यापर्यंत होता तो कमरेपर्यंत येतो.

अशा भिंतीला चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी मानवते. चुन्यातून ओल बाहेर पडते, भिंत श्वास घेते. त्याआधी भिंतीच्या पायथ्याशी येणारं पाणी तोडायला हवं. पागोळ्यांखाली शहाबादी फरशीचा पट्टा घालून त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या. मोरीचं पाणी जोत्याला न लागता गटारात जाईल असं बघा. परड्यात पाणी साचत असेल तर तिथली पातळी जोत्याच्या खाली घ्या. ही सगळी थोड्या दिवसांची आणि थोड्या पैशांची कामं. ती केल्याशिवाय आत रंगाचा डबा उघडू नका.

मग भार

कोल्हापूर जिल्ह्यात जुन्या घरांवर एक मोठा मोह असतो: कौलं काढून स्लॅब टाकायचा. वर मजला चढेल ही आशा त्यामागं असते. इथं थोडं गणित करू. पाच इंच जाडीचा १०० चौरस फूट स्लॅब तीन टनांच्या आसपास भरतो. तेवढ्याच जागेवरचं मंगळुरी कौलांचं छत रिपा-वाशांसकट सुमारे ६०० किलो. म्हणजे भिंतींवरचं वजन पाचपट होतं. पांढऱ्या मातीच्या भिंतीनं शंभर वर्षं हलकं छत पेललं म्हणून ती स्लॅबही पेलेल असं धरून चालणं जिवावर बेतू शकतं.

हा धडा महाराष्ट्रानं फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि सुमारे ८,००० माणसं गेली. तिथल्या भिंती जाडजूड होत्या, पण मातीत रचलेल्या दगडांच्या. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेला नव्हता, आणि छतावर मातीचं भलं मोठं ओझं होतं. हादऱ्यात दोन्ही थर सुटे झाले आणि वरचं ओझं खाली आलं. अनेक घरांत भिंती कोसळल्या तरी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला होता. नंतरच्या पुनर्वसनात गावंच्या गावं नव्यानं वसवली गेली, तशीच लाखावर जुनी घरं जागेवरच बळकट करण्याचाही कार्यक्रम झाला. भिंतीत आरपार जाणारे जोडदगड घालणं, छतावरची माती कमी करणं, भिंतींना वरून पट्ट्यानं बांधणं अशी ती कामं होती. आपल्यालाही हे लांबचं नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा हादरा या भागातल्या जुन्या पिढीला ठाऊक आहे.

म्हणून आपल्या घरातली कुठली भिंत भार घेते आणि कुठली नुसती आडोशाची, हे काम सुरू होण्याआधी कळायला हवं. तुळई जिच्यावर टेकली आहे ती भाराची. सोपा आणि माजघर एक करून मोठी खोली करायची हौस असेल आणि मधल्या भिंतीवर तुळया टेकलेल्या असतील, तर ती भिंत काढण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घरी आणा. त्याची फी हा घराच्या खर्चातला सर्वांत स्वस्त विमा आहे. पाण्याच्या टाकीचंही तसंच. हजार लिटरची भरलेली टाकी एक टन वजनाची असते. ती स्लॅबच्या मधोमध न ठेवता भिंतींच्या कोपऱ्यावर यावी. आणि भिंत, मजला किंवा स्लॅबचं काम असेल तर वडगाव नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात आधी विचारून घ्या. राज्यभरासाठी २०२० साली एकत्रित बांधकाम नियमावली आली आहे. परवानगीशिवाय केलेलं काम पुढं कर्जाच्या आणि वारसाच्या वेळी अडतं.

उजेड आणि वारा

वडगाव सुमारे १६.८ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळं मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी इथल्या बरोबर डोक्यावर येतो. तो इथला शून्य सावलीचा दिवस. डिसेंबरच्या शेवटी तोच सूर्य दुपारी दक्षिणेला कलून सुमारे ५० अंशांवर असतो. या दोन आकड्यांत आपल्या घराचं उत्तर दडलं आहे.

एरवी भिंतींपैकी घराला सर्वांत जास्त तापवतात त्या पूर्व-पश्चिमेच्या. पेठेतल्या आपल्या घराला त्या बाजूंना शेजारी आहेत, म्हणजे ती काळजी शेजारधर्मानंच मिटवली. उरतं ते छत. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असताना जवळपास सगळी उष्णता तिथून येते, म्हणून उन्हावरचा पैसा भिंतीवर न घालता छतावर घालायचा. कौलांखाली फळ्यांची किंवा बांबूच्या चटईची आडी केली आणि मध्ये वितीएवढी हवा खेळती ठेवली, तर कौलांचा ताप थेट डोक्यावर उतरत नाही. मागच्या खोलीवर पत्रा किंवा स्लॅब असेल तर त्यावर चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात द्या. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो.

तापलेली हवा वर चढते. जुन्या स्वयंपाकघरांत आढ्याजवळ धुराडं असायचं. चुली गेल्या आणि धुराडी बुजवली गेली. ती पुन्हा उघडा, जाळी लावा, पावसासाठी वर टोपी बसवा. उत्तरेचं सोप्याचं दार आणि दक्षिणेचं परड्याचं दार उघडं असलं की गार हवा खालून येते आणि गरम हवा त्या वाटेनं निघून जाते. विजेचं एक युनिटही न जळता.

माजघराच्या अंधाराला काचेचं कौल हे जुनं आणि अजूनही सर्वांत स्वस्त औषध आहे. चार मंगळुरी कौलं काढून त्या मापाची चार काचेची कौलं बसवायची, आडीत तेवढी मोकळी चौकट ठेवायची. दुपारच्या अंधाऱ्या खोलीत पुस्तक वाचता येईल एवढा उजेड उतरतो. खोलीच्या भिंती चुन्यानं पांढऱ्या केल्या तर तो कोपऱ्यापर्यंत पसरतो. जुन्या वाड्यांचा चौक याच तत्त्वावर चालायचा: उजेड बाजूनं मिळत नसेल तर वरून मागायचा.

जुनी वायरिंग मात्र डोळे झाकून बदला. लाकडी पट्टीवरच्या तारा, अर्थिंग नसलेले सॉकेट, एका बोर्डावर लोंबणारी चार यंत्रं, हे जुन्या घरातलं सर्वांत मोठं न दिसणारं संकट आहे. नवी तांब्याची वायर, नीट अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. अंगातून वीज वाहू लागली तर तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. आणि एक बचतीचं गणित: जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. तीन पंखे रोज दहा तास फिरले तर महिन्याला सुमारे ४० युनिटं वाचतात.

माणसांची मापं

आता खऱ्या आराखड्याकडं येऊ. शोरूममधलं स्वयंपाकघर ज्या घरासाठी आखलेलं असतं त्या घरात बहुधा परातीएवढी भाकरी कुणी थापत नाही, वर्षाची चटणी कुणी करत नाही, आणि ज्वारीचं पोतं कुणी ठेवत नाही. आपल्याकडं हे सगळं आहे. म्हणून ओट्याची उंची कॅटलॉगवरून ठरवू नका. जी बाई रोज उभी राहणार तिनं कोपर वाकवून उभं राहावं. कोपरापासून चार इंच खाली जी रेघ येते ती तिच्या ओट्याची उंची. भाकरी थापायला त्याहून दोन-तीन इंच खाली असलेला छोटा टप्पा करता आला तर खांद्याचं दुखणं वाचतं. चटणी-मीठ-तेल हाताशी, धान्याचे डबे खाली, सणावाराची मोठी भांडी माळ्यावर. ओट्याखाली महागडी ट्रॉली न करता शहाबादीचे उभे-आडवे कप्पे आणि त्यांना साधी दारं लावली तर काम तेच होतं आणि पावसाळ्यात प्लायवूड फुगण्याची काळजी राहत नाही.

आणि आजी. माणसांच्या गरजांच्या यादीत पहिल्या ओळीवर तिची रात्रीची वाट आहे. परड्याच्या टोकाचा संडास घराच्या मागच्या भिंतीजवळ आणला, मध्ये पाच फुटांचं पत्र्याचं छप्पर टाकलं, उंबरा काढून उतार केला, कमोड बसवला, भिंतीत पकडायला दांडी लावली आणि दार अडीच-तीन फूट रुंद ठेवलं, तर घरातल्या सर्वांत वयस्क माणसाचं घसरून पडणं टळतं. दिवाणखान्यातल्या कुठल्याही शोभेपेक्षा यातून मिळणारं समाधान मोठं आहे. दहा वर्षांनी हीच वाट आपल्यालाही लागणार असते.

असे बदल ठरवायला कागदावरचा नकाशा सगळ्यांना कळतो असं नाही. म्हणून गवंडी आणण्याआधी फक्की किंवा रांगोळी घ्या आणि परड्यात खऱ्या मापाची खोली आखा. तिथं खुर्ची ठेवा, परात घेऊन बसा, दार उघडतंय असं धरून चालून बघा. ही युक्ती मोठ्या कामांतही वापरली गेली आहे. १९८० च्या दशकात मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी महिला मिलन या संघटनेतून आपल्या घरांचे खऱ्या मापाचे नमुने उभे केले, लोकांना आत फिरवून दाखवले, आणि छोट्या जागेत माळा बसावा म्हणून १४ फूट उंचीचा आग्रह धरला. ज्यांना रोज त्या जागेत स्वयंपाक करायचा होता त्यांनीच माप सांगितलं.

जे आहे ते धरून ठेवा

लॉरी बेकर (१९१७–२००७) हे इंग्लंडमधून आलेले आणि केरळात रमलेले स्थपती. चाळीसच्या दशकात मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली, आणि आदर्श घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून उभं राहावं हा गांधीजींचा विचार त्यांच्या मनात घर करून राहिला. विटा उभ्या ठेवून मध्ये पोकळी सोडण्याची त्यांची रॅट-ट्रॅप पद्धत सुमारे २५ टक्के विटा वाचवते, आणि पोकळीमुळं भिंतही कमी तापते. मागं नवी भिंत घालायची असेल तर आपल्या गवंड्याला ती दाखवायला हरकत नाही.

पण जुन्या घरात पाच मैलांपेक्षाही जवळचं साहित्य असतं: जे आधीच घरात आहे ते. सागाची जुनी तुळई, दाराची चौकट, जोत्याचा घडीव काळा दगड, शहाबादी फरशी. हे सगळं पुन्हा विकत घ्यायला गेलं तर परवडणार नाही, आणि पाडताना मात्र ट्रॉलीत भरून मातीमोल जातं. काम सुरू होण्याआधी घरातल्या प्रत्येक जुन्या वस्तूवर खडूनं खूण करा: राहील, दुरुस्त होईल, जाईल. जुनं दार रंधा मारून, तेल लावून पुढची पन्नास वर्षं उभं राहतं. सोप्यातली झिजलेली फरशी उलटून बसवता येते. खालची बाजू बहुधा न झिजलेली असते. पाडलेल्या मातीच्या भिंतीची पांढरी माती चाळून चिखलाच्या रचनेत परत वापरता येते. कोनाडे बुजवू नका. भिंतीच्या जाडीतलं ते फुकटचं कपाट आहे.

नवं साहित्य घेताना मोजून घ्या. १०० चौरस फूट गिलाव्याला (अर्धा इंच जाड, एकास चार) साधारण एक पोतं सिमेंट आणि चार-पाच घनफूट वाळू लागते. दहा बाय दहा फुटांच्या नऊ इंची भिंतीला हजाराच्या वर विटा लागतात, साडेचार इंचीला त्याच्या निम्म्या. आडोशाची भिंत असेल तर निम्मा खर्च तिथंच वाचतो. हे आकडे ठाऊक असले की पोती किती आली आणि किती लागली याचा हिशेब घरातलं शाळकरी पोरही ठेवू शकतं.

टप्पे आणि पैसे

वडगाव परिसरात पैसा एकरकमी येत नाही. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, पगार महिन्यानं, आणि ऊसबिल गळिताच्या हंगामात. कामही तसंच वाटून घ्यावं. बांधकामाला चांगला काळ दिवाळीपासून वैशाखापर्यंतचा. मिरगाआधी ओलं काम वाळून निघायला हवं. सिमेंटच्या कामाला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं, मिश्र सिमेंट असेल तर दहा. हे पाणी मारणं घरच्या माणसांनी अंगावर घेतलं तर मजुरी वाचते आणि काम मजबूत होतं.

थोडं थोडं करत घर वाढवणं ही गरिबीची लाजिरवाणी खूण मुळीच मानू नये. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत पूर्ण घरं बांधून दिली नाहीत. जोतं, नळ, संडास आणि एखादी खोली दिली, बाकी कुटुंबांनी आपल्या सवडीनं वाढवलं. त्या कामाला १९९५ चा आगा खान पुरस्कार मिळाला आणि दोशींना २०१८ साली प्रित्झकर. चिलीतल्या इकिके शहरात २००४ साली अलेहांद्रो अरावेना यांनी मुद्दाम अर्धंच घर बांधलं: जो भाग कुटुंबाला एकट्यानं जमणार नाही तो त्यांनी केला, उरलेला कुटुंबांनी. पुण्याच्या येरवड्यात २००९ च्या सुमारास कच्ची घरं जागच्या जागी पक्की झाली. शेजार मोडला नाही, पक्की घरं तशीच ठेवली, नवं घर २७० चौरस फुटांचं, आणि कुटुंबाचा वाटा दहा टक्के. पहिल्या दोन ठिकाणी सूत्र एकच होतं: अवघड आणि न दिसणारी कामं आधी आणि नीट, सोपी आणि दिसणारी कामं मागाहून.

ज्यांचं घर कच्चं आहे आणि देशात कुठंच पक्कं घर नाही, त्यांनी प्रधानमंत्री आवास योजनेची चौकशी नगरपरिषदेत जरूर करावी. २०१५ साली सुरू झालेल्या शहरी योजनेत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्या पात्र कुटुंबाला केंद्राकडून दीड लाख आणि राज्याकडून एक लाख असं साहाय्य ठरलं होतं. आता योजनेचा दुसरा टप्पा चालू आहे, तेव्हा आजच्या अटी तिथंच समजून घ्याव्यात.

मजुरीचं काम दोन तऱ्हांनी देता येतं: उक्तं किंवा हजेरीवर. गिलावा, फरशी, रंग अशी मोजता येणारी कामं उक्ती द्यावीत आणि चौरस फुटावर दर ठरवावा. जुन्या छताची, चुन्याची, लाकडाची कामं हजेरीवर करावीत, कारण त्यांत घाई झाली की काम बिघडतं. साहित्य आपण आणलं तर त्याचा दर्जा आपल्या हातात राहतो. सगळे पैसे आगाऊ देऊ नयेत. काम पुढं सरकेल तसे द्यावेत आणि शेवटचा हप्ता पहिल्या पावसानंतर, असं आधीच बोलून घ्यावं. चांगला गवंडी याला नाही म्हणत नाही.

आपल्या घरासाठी हातातल्या शंभर रुपयांची वाटणी मी अशी करीन. छत, गटार आणि ओल यांना ३०. न्हाणी-संडासाला २०. वायरिंग आणि उजेडाला १५. ओटा आणि स्वयंपाकघराला १५. फरशीची डागडुजी आणि सफेदी यांना ५. आणि १५ राखीव, कुणालाही न सांगता. जुनं घर उघडलं की एखादी कुजलेली तुळई, एखादा फुटका पाइप निघतोच. राखीव पैसे नसले की तिथं उसनवारी सुरू होते आणि घाईत चुकीचा निर्णय होतो. घराचा पाया कमकुवत असेल तर ही वाटणी बदलेल, भाराच्या कामाला पहिला मान द्यावा लागेल.

पहिल्या वर्षी छत आणि पाणी. दुसऱ्या वर्षी ऊसबिलावर न्हाणी आणि वायरिंग. तिसऱ्या वर्षी ओटा आणि सफेदी. तिसऱ्या वर्षानंतरही रस्त्यावरून जाणाऱ्याला या घरात फारसं नवं काही दिसणार नाही; तीच कौलं, तीच चौकट, तोच सोपा. फरक आत आहे. माजघरात दुपारी पोरगी दिवा न लावता अभ्यासाला बसली आहे. मिरगाचा पाऊस रात्री कौलांवर वाजू लागतो तेव्हा भांडी मांडायला कुणी उठत नाही. आणि आजी उठली तर भिंतीतली दांडी धरून, कोरड्या पावलांनी जाऊन परत येते.